बेडकांचा पाळणा

रविवार हा देवाने बूट काढून पाय वर घ्यायला केला आहे असं रेमिहिओ चाम्बीचं मत होतं, आणि या एका मताच्या जोरावर तो आठवड्याचे बाकीचे दिवस ढकलत असे. एल आल्तोच्या पठारावरून खाली ला पासमध्ये आणि तिथून पुन्हा वर, अशी मिनीबस हाकता हाकता त्याचं तारुण्य त्या घाटातच संपलं होतं. क्लच दाबून दाबून डावा गुडघा कामातून गेला होता. कंबर सकाळी उठायलाच तयार नसायची. डोळे असे तांबारलेले की नवखे प्रवासी त्याला दारुडा समजून पुढच्या गाडीची वाट बघत. जुने प्रवासी मात्र ‘माएस्त्रो’ म्हणून हाक मारत. तिथे गाडी चालवणाऱ्या सगळ्यांनाच माएस्त्रो म्हणतात, त्यात विशेष कौतुक काही नव्हतं.

असा हा माणूस ऐन रविवारी, भर उन्हात, नदीकाठच्या पार्कात एका लाकडी लामासमोर, म्हणजे तिकडच्या लांब मानेच्या लोकरी जनावराच्या पुतळ्यासमोर, उभा होता. लामाच्या मानेवर लाल रेघ ओढलेली होती. ज्या मुलाचं डोकं रेघेला लागेल त्याने मोठ्या पाळण्यांत बसायचं, बाकीच्यांनी लहान्यांत. रेमिहिओची नात यामिले अडीच वर्षांची. ती लामाच्या गुडघ्याशी उभी राहिली आणि त्याच्या लाकडी पायाला मिठी मारून बसली.

“ही लामालाच घेऊन घरी जायचं म्हणेल,” रेमिहिओ म्हणाला.

“जाऊ दे. निदान कुणाला तरी मिठी मारतेय,” रोस्मेरी म्हणाली.

रोस्मेरी म्हणजे त्याची मुलगी, यामिलेची आई. यामिले सात महिन्यांची असताना ती स्पेनला, वालेन्सियात, कामाला गेली. पोरीचा बाप त्याआधीच नाहीसा झाला होता, त्याच्याबद्दल बोलून कुणी तोंड खराब करत नसे. ‘मी बघते पोरीला, तू जा,’ असं रोस्मेरीची आई बासिलिया म्हणाली होती, आणि बासिलिया म्हणाली म्हणजे ते झालंच. पण पोर चालायला लागली न लागली तोच बासिलियाला पोटाचं दुखणं लागलं आणि तीन आठवड्यांत ती गेली. रोस्मेरीचे तिकडचे कागद झालेले नव्हते. बाहेर पडली असती तर परत आत घेतलं नसतं. आईची माती तिने फोनवर पाहिली.

तेव्हापासून यामिले रेमिहिओच्या गळ्यात. गळ्यात म्हणजे खरोखरच. पुढच्या सीटवर, आपल्या आणि दाराच्या मध्ये, त्याने फळांच्या खोक्यात घोंगडी घालून तिची जागा केली होती. खोकं दोरीने सीटला बांधलेलं. पोलीस दिसला की तो तिच्यावर जाकीट टाकायचा आणि ती जाकिटाखाली खिदळायची. मुलं पहिला शब्द आई म्हणतात, बाबा म्हणतात. ही ‘सेहा’ म्हणाली. ला सेहा हा वरचा मोठा थांबा, आणि गाडीच्या दारात लटकणारा पोऱ्या दिवसभर तेच ओरडत असायचा. मग दोघं मिळून ओरडायला लागले, आणि प्रवासी तिच्यामुळेच या गाडीत चढायला लागले. धंद्याला बरकत आली म्हणायची. पण संध्याकाळी घरी आल्यावर तिला भरवायचं, धुवायचं, तिच्या खोकल्याशी बसायचं, पहाटे ती उठून ‘ताता’ म्हणाली (बापाला काय, आजोबाला काय, तिकडे हाक एकच) की ‘ओ’ म्हणायचं, हे सगळं साठीच्या माणसाच्या वाट्याला आलं होतं आणि त्याची हाडं ते मोजत होती.

म्हणून रोस्मेरीचा फोन आला, ‘ताता, कागद झाले, तिला न्यायला येते,’ तेव्हा रेमिहिओच्या मनात पहिलं आलं ते एवढंच: सुटलो. ते आलं त्याची त्याला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. आणि त्या लाजेच्या खालून हळूहळू दुसरंच काहीतरी वर आलं. घर रिकामं होणार, खोकं रिकामं होणार, ‘सेहा’ ओरडायला पोऱ्या एकटाच उरणार. दोन्ही खरं होतं. माणसाला एकाच वेळी दमायलाही होतं आणि सोडवतही नाही, याला काय करायचं?

रोस्मेरी आली. चालताना दिवे लागतात असे गुलाबी बूट घेऊन आली. यामिलेने बूट घेतले, आईला मात्र घेतलं नाही. रोस्मेरीने उचललं की ती पाठीची कमान करायची, घसा फाटेपर्यंत रडायची आणि रेमिहिओच्या पँटला येऊन चिकटायची. रोस्मेरी पहिले काही दिवस हसली, मग हसेनाशी झाली. परतीचं विमान पुढच्याच आठवड्यात होतं, सुट्टी त्याहून वाढणार नव्हती. काल ती चुलीशी बसून म्हणाली, “मी माझ्या पोरीला चोरासारखी पळवून नेणार नाही, ताता. तिकडे मी दिवसभर परक्यांच्या म्हाताऱ्या आयांना आंघोळी घालते. तिथे ही कोपऱ्यात बसून तुमच्या नावाने रडणार असेल तर मला नाही बघवायचं. उद्या तिला पार्कात नेऊ. उद्या माझ्याकडे आली तर नेते. नाही आली तर राहू दे तुमच्याकडे. पैसे पाठवीन.”

“पुन्हा कधी येशील?”

“ते काय माझ्या हातात आहे?”

तर आजच्या दिवसावर एवढं सगळं होतं. आणि रेमिहिओचा गुडघा आधीच ठणकत होता.

पहिल्यांदा फिरते घोडे. रेमिहिओने बाहेर उभं राहून एक फेरी नुसती ऐकली. इंजिन ऐकून गाडी विकत घेणारा माणूस, पाळणाही तसाच पारखणार. बेअरिंगचे छर्रे ठीक होते, थांबताना झटका नव्हता, चालवणारा पोरगा फोनमध्ये न बघता घोड्यांकडे बघत होता. “हे चालेल,” तो म्हणाला. यामिले पांढऱ्या घोड्यावर बसली, पण बाजूला ताता पाहिजे. रोस्मेरीने पुढे होऊन तिच्या कमरेला धरलं तर तिने आईची बोटं एकेक करून सोडवली. शेवटी म्हातारा घोड्याला धरून गोल गोल फिरला आणि रोस्मेरी कठड्याबाहेर उभी राहून फोनने फोटो काढत राहिली. फोटोत घोडा आला, पोर आली, आणि रेमिहिओचा चेहरा उलटी येणाऱ्या माणसाचा आला.

मग बोटी. थाळीएवढ्या पाण्यात गोल फिरणाऱ्या, बदकाच्या तोंडाच्या बोटी. इथे यामिलेला झोप लागली.

“शाबास,” रोस्मेरी म्हणाली. “नऊ हजार किलोमीटरवरून आले, लेकीला बोटीत झोपवायला.”

“झोपली म्हणजे घाबरली नाही. ते काय कमी आहे?”

“मला नुसती न घाबरलेली नकोय, ताता. मला माझ्याकडे बघून हसलेली पाहिजे.”

मग झुकझुक गाडी. रेमिहिओ म्हणाला, “पुढच्या डब्यात बसव. तिला पुढचं दिसलं पाहिजे, मागे बसली की चिडते.” तसं बसवल्यावर यामिले जागी झाली, समोर रूळ दिसले, आणि तिने हात बाहेर काढून खणखणीत आवाजात आरोळी ठोकली, “सेहा! सेहा! सेहा!” सगळा डबा हसला. कुणीतरी मागून ओरडलं, “माएस्त्रो, कोपऱ्यावर उतरवा!” रोस्मेरी शेजारी बसली होती. तीही हसली आणि तिनेही हात बाहेर काढून ‘सेहा’ म्हटलं. यामिलेने मान वळवून आईकडे बघितलं. नीट बघितलं. हसली नाही, पण बघितलं, आणि पुढच्या वळणावर परत बघितलं, ही ओरडते का म्हणून.

फलाटावरून रेमिहिओने ते पाहिलं. चांगलं झालं, असं तो स्वतःला म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणून बघितलं, तरी खरं वाटेना.

गाडीतून उतरल्यावर रोस्मेरीच्या अंगात उत्साह आला. गोड मक्याच्या लाह्यांची पिशवी घेतली, एक लाही पोरीच्या तोंडात, एक आपल्या. “आता कशात बसायचं? ताता, ते बघा, बेडूक!”

एक बुटका खांब होता, दोन माणसं एकावर एक उभी राहिली तर जेवढी उंची होईल तेवढा. त्याला हिरव्या बेडकांची बैठक. बैठक हळूच वर जायची आणि टुणटुण उड्या मारत खाली यायची. आजूबाजूला सगळी लहान मुलं. पाटीवर लिहिलेलं, मोठ्या माणसाबरोबर कितीही लहान मूल चालेल. अख्ख्या पार्कात याहून निरुपद्रवी दिसणारी वस्तू नव्हती.

बैठक खाली आली आणि खांबाच्या बुडातून हवा सुटली. फुस्स.

यामिले वरच्या पठारावरची पोर. मिरवणुकांचे बँड, संपातले सुरुंग, सणाचे फटाके, यातलं काही तिला जागं करू शकत नसे. पण मोठ्या ट्रकने ब्रेक मारल्यावर हवा सुटते ना, तो आवाज तिला सहन व्हायचा नाही. घाटात शेजारी ट्रक आला की रेमिहिओ एका हाताने चाक धरायचा आणि दुसऱ्या हाताने तिचा कान झाकायचा. हे जगात फक्त त्याला माहीत होतं. बासिलियाला माहीत होतं, ती गेली.

“छोटंसंच आहे,” रोस्मेरी म्हणाली. “बसू का हिला घेऊन? तुम्ही सांगा. तुम्हाला तिचं सगळं कळतं.”

यामिले तिच्या कडेवर होती. लाह्यांच्या पिशवीपायी का होईना, पण कडेवर होती आणि रडत नव्हती.

तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं: नको, तिला तो आवाज सोसत नाही. रेमिहिओच्या जिभेवर ते आलं होतं. दमलेल्या माणसाचं मन फार हलकट असतं, ते आडवाटेने घरी पोचायला बघतं.

“तुझी मुलगी आहे,” तो म्हणाला. “तूच ठरव.”

रोस्मेरीला ते आवडलं. किती दिवसांनी कुणीतरी तिला तसं म्हटलं होतं. ती पोरीला घेऊन बेडकावर बसली, चालवणाऱ्या बाईने दोघींच्या पोटावर दांडी ओढली. बैठक वर गेली. यामिले आजूबाजूला बघत होती. मग पहिली उडी आणि फुस्स. दुसरी उडी, फुस्स. रेमिहिओ कठड्याला धरून उभा होता. ती रडेल, ताता ताता करेल, मग मी जाईन आणि घेईन, असं त्याला वाटत होतं. तेवढंच त्याला पाहिजे होतं, बाकी काही वाईट त्याच्या मनात नव्हतं, अशी तो स्वतःची समजूत घालत होता.

ती रडली नाही.

खाली आल्यावर रोस्मेरीने तिला उचललं तर तिचे हातपाय कापडासारखे लोंबत होते. डोळे उघडे, पण कुणाकडे बघत नव्हते. तोंडातली लाही तशीच ओठावर राहिली होती. “यामी? यामी, बेडूक आवडला?” काही नाही. रेमिहिओने घाईघाईने तिला घेतलं, गालावर टिचकी मारली, “सेहा?” म्हणाला. काही नाही. श्वास चालू होता, अंग गरम होतं, आत कोणी नव्हतं.

पार्कातली नर्स आली, डोळ्यांत बॅटरी मारून म्हणाली, “शरीराला काही नाही झालेलं. दचकलीय.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “तुम्ही वरचे ना? मग तुम्हाला सांगायला नको.” आणि गेली.

सांगायला नकोच होतं. आहायु, म्हणजे पोरीचा जीव, तिथेच राहिला होता. लहान मुलाचा जीव अंगात सैलच बसलेला असतो. मोठा धसका बसला की अंग पुढे जातं आणि तो दचकल्या जागी मागे राहतो. मग मूल खात नाही, हसत नाही, वाळत जातं. त्या जागेवर जाऊन, मुलाचा कपडा दाखवून, नावाने हाक मारून त्याला परत आणावं लागतं. रोस्मेरी लहानपणी विहिरीच्या काठावरून पडली होती तेव्हा बासिलियाने तिचा असाच परत आणला होता.

रोस्मेरी बाकावर बसली आणि रडायला लागली. “मीच नेलं तिला. माझ्याच हातून. तिला कळतं, ताता, मी कोणी नाही ते. उगीच नाही ती मला जवळ येऊ देत.”

रेमिहिओला ते ऐकवेना. गुडघा, कंबर, डोळे, सगळं एकदम दुखायला लागलं. तो तिच्या शेजारी बसला.

“तुझ्या हातून नाही. तो फुस्स आवाज. ट्रकच्या ब्रेकला ती भिते. मला ठाऊक होतं.”

“काय ठाऊक होतं?”

“तू विचारलंस तेव्हा ठाऊक होतं.”

रोस्मेरीचं रडणं थांबलं. ती बापाकडे अशी बघत राहिली की त्याला वाटलं, मारावं हिने एकदाची. “का?” ती म्हणाली. “ताता, का?”

“झुकझुक गाडीत ‘सेहा’ म्हणून तुझ्याकडे बघितलं तिने,” तो म्हणाला. रोस्मेरीने लेकीचं नाक पुसलं. मग आवाजात राग न ठेवता म्हणाली, “चला. तुम्ही बोलवा. तुमच्या हाकेला येईल ती.”

येईल. त्याच्या हाकेला ती पाच मिनिटांत येईल हे त्यालाही माहीत होतं. आणि ज्याच्या हाकेला आहायु येतो त्याच्याकडेच तो राहतो, हेही माहीत होतं.

“नाही,” रेमिहिओ म्हणाला. “तू बोलव.”

“माझ्या हाकेला नाही आली तर?”

“आई आहेस. येईपर्यंत मारायच्या हाका.”

बेडकांचा पाळणा चालवणारी बाई पोयेरावर, म्हणजे तिकडच्या घेरदार घागऱ्यावर, पार्कचं जाकीट घातलेली होती. रेमिहिओने तिला एवढंच सांगितलं, “पोरीचा आहायु इथे राहिलाय.” बाईने मुलांना उतरवलं आणि मशीन बंद करून टाकलं, हवेचा पंपसुद्धा. रांगेतला एक बाप्या म्हणाला, “अहो, आम्ही तिकिटं काढलीत!” बाई म्हणाली, “तुमचं पोर राहिलं असतं म्हणजे कळलं असतं तिकीट.” त्याने वळून बघितलं, रोस्मेरी खांबाच्या बुडाशी पोरीची कानटोपी पसरून गुडघ्यांवर बसलेली दिसली, आणि त्याने आपली टोपी काढली.

“काय म्हणायचं, ताता? मी विसरले.”

“नाव घे. ये म्हण. इथे राहू नकोस म्हण. टोपीत गोळा केल्यासारखं कर, डोक्यावर घाल आणि चालायला लाग. हाका मारत राहा. काही झालं तरी मागे वळून बघायचं नाही.”

“आणि तुम्ही?”

“मी मागून येतो. दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. दोन आवाज आले की तो गोंधळतो.”

रोस्मेरीने सुरुवात केली. पहिल्या हाका वालेन्सियाहून आल्यासारख्या, भीतभीत, लोकांना लाजून. “यामिले, ये. ये, यामिले.” मग आवाज फुटला. “ये गं बाई. इथे राहू नकोस. थंडी वाजेल तुला इथे. मी आलेय न्यायला. उशीर केला, पण आलेय. ये, यामी, चल, घरी जाऊ.” हवेतून ओंजळी भरभरून ती टोपीत टाकत होती. टोपी तिने पोरीच्या डोक्यावर घातली, कानांवर ओढली, पोरीला छातीशी धरून उठली आणि सरळ दाराकडे चालायला लागली. “चल, यामिले. माझ्याबरोबर चल.”

रेमिहिओ मागून निघाला. पोरीचं तोंड आईच्या खांद्यावरून मागे, म्हणजे त्याच्याकडेच होतं. घोड्यांपर्यंत तो बरोबरीने होता. बोटींपाशी गुडघ्याने दगा दिला. अंतर पडायला लागलं. ‘थांब’ म्हणायची सोय नव्हती आणि रोस्मेरी वळून बघणार नव्हती, तसं त्यानेच सांगितलं होतं.

तेवढ्यात यामिलेचे डोळे हलले. आधी आकाशाकडे गेले, मग माणसांवरून फिरले, मग त्याच्यावर येऊन थांबले. तिने त्याला ओळखलं. आईच्या खांद्यावरून हात पुढे आला.

“ताता,” ती म्हणाली.

रेमिहिओने दोन्ही ओठ दातांखाली धरले.

“ताता!” ती मोठ्याने म्हणाली. तिने हाक मारावी आणि ओ मिळू नये, असं आजवर कधी झालं नव्हतं. घास तोंडात असताना, गाडी घाटात उलटी घेत असताना, तापाने फणफणलेला असताना त्याने ओ दिली होती. ती त्याच्याकडे बघत राहिली, हा का बोलत नाही म्हणून. रोस्मेरीच्या हाका चालूच होत्या, “आले ना मी, चल ना, यामी.” पोरीने एकदा त्या आवाजाकडे मान वळवली, एकदा परत त्याच्याकडे बघितलं.

“ताता?”

आता तो तोंडावर हात दाबून रस्त्याच्या मधोमध उभा होता आणि लोक त्याला वळसा घालून जात होते. यामिलेने आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग अंगठा तोंडात घातला, गाल आईच्या खांद्यावर टेकवला आणि डोळे मिटून घेतले.

त्या दोघी दारातून बाहेर पडेपर्यंत रेमिहिओने तोंडावरचा हात काढला नाही.